बंदी तिकडची, खोळंबा इकडचा : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

परदेशातील माहितीवरील निर्बंधांचा मुंबईतील व्यापारावर काय परिणाम होतो, या विषयावर वाचकांकडून आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना या अंकात उत्तरे देत आहोत.

प्रश्न : आम्ही बटणे, लेस आणि शिलाईच्या सामानाचे घाऊक व्यापारी आहोत. चीनमधील यीवू येथील पुरवठादाराशी आमचा सारा व्यवहार पूर्वी वीचॅट या चिनी संदेश ॲपवर चालत असे. ते भारतात बंद झाल्यावर आम्ही व्हॉट्सॲपवर आलो. पण पुरवठादार ते व्हीपीएन (बंद केलेल्या सेवांपर्यंत वळसा घालून पोहोचवणारी इंटरनेट सोय) लावून वापरतो आणि मधूनच कित्येक दिवस त्याच्याशी संपर्क होत नाही. गेल्या हंगामात रंग बदलण्याची आमची सूचना त्याला वेळेत मिळाली नाही आणि जुन्याच रंगांचा माल न्हावा-शेवाला उतरला. हे नुकसान कोणी सोसायचे? (एक व्यापारी, भुलेश्वर)

उत्तर : तुमच्या करारास भारतीय कायदा लागू असेल, तर १८७२ च्या भारतीय करार कायद्यातील कलम ४ प्रमाणे एखादा प्रस्ताव समोरच्या पक्षाला ज्ञात होतो तेव्हाच तो कळवला गेला असे मानले जाते. रंग बदलण्याची सूचना म्हणजे ठरलेल्या मागणीत फेरफार करण्याचा प्रस्ताव होता. तो पुरवठादाराला समजलाच नाही आणि त्याने तो मान्य केला नाही, म्हणून मूळ मागणी कायम राहिली व त्याने ती पुरी केली. त्याने उत्पादन सुरू करण्यापूर्वी संदेश वाचल्याची खूण तुमच्या फोनवर उमटली असेल, तर तडजोडीच्या बोलण्यात तिचा काही उपयोग होईल. अन्यथा हा भार तुमच्यावरच येतो, हे मला खेदाने सांगावे लागते.

तुमची अडचण मला फार महत्त्वाची वाटते, कारण तुम्ही दोन सरकारांच्या निर्णयांच्या मध्ये सापडला आहात. चीनने फेसबुक आणि यूट्यूब २००९ मध्ये बंद केले, जीमेल २०१४ च्या अखेरीस आणि व्हॉट्सॲप २०१७ मध्ये. आपल्या सरकारने २९ जून २०२० रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ खाली ज्या ५९ चिनी ॲपवर बंदी घातली, त्यांत वीचॅटही होते. प्रत्येक बंदीमागे त्या त्या सरकारची कारणे होती. परंतु यीवूचा कारखानदार आणि भुलेश्वरचा दुकानदार यांनी यापुढे एकमेकांशी कसे बोलावे, याचा विचार त्यांपैकी कोणी केल्याचे दिसत नाही. मोठी कंपनी चीनमध्ये अधिकृत आंतरराष्ट्रीय लाइन भाड्याने घेते, तिथे माणूस नेमते आणि पुढे जाते. ज्याचा सगळा कारभार दोन माणसे आणि एक फोन यांवर चालतो, त्याला असा कोणताही मार्ग उरत नाही.

व्हीपीएनच्या भरवशावर मागणी देऊ नका. चीनमध्ये २०१७ पासून सरकारमान्य नसलेल्या व्हीपीएन सेवांवर कडक कारवाई होत आली आहे, आणि पुरवठादाराचा व्हीपीएन कधी बंद पडेल हे त्यालाही सांगता येत नाही. त्याऐवजी स्वतःच्या डोमेनवरील ईमेल घ्या व पुरवठादाराकडून त्याच्या कंपनीचा किंवा चिनी सेवेवरील पत्ता मागा; त्याने जीमेलचा पत्ता दिला, तर ते पत्र उघडण्यासाठी त्याला पुन्हा व्हीपीएनच लागेल. गूगल ड्राइव्हची लिंक तिकडे उघडत नाही, म्हणून नमुन्यांची छायाचित्रे पत्रासोबत जोडूनच पाठवा. प्रोफॉर्मा इन्व्हॉइसमध्ये (माल पाठवण्यापूर्वी विक्रेता देतो त्या प्राथमिक बिलात) असे एक वाक्य घालून घ्या, की मागणीतील कोणताही बदल पुरवठादाराने ठरलेल्या ईमेलवर लेखी होकार दिल्यावरच लागू होईल आणि सही केलेला नमुना मिळेपर्यंत उत्पादन सुरू होणार नाही. माल जहाजावर चढण्यापूर्वी त्रयस्थ संस्थेकडून तपासणी करून घेण्याचा खर्च आहे, पण चुकीच्या रंगांच्या मालाने गोदाम भरण्यापेक्षा तो कितीतरी कमी आहे.

आणखी एका गोष्टीबाबत सावध करतो. संपर्क वरचेवर तुटतो तेव्हा भामट्यांचे फावते. ‘आमचे बँक खाते बदलले आहे’ असे पत्र पुरवठादाराच्या नावाने आले, तर जुन्या नोंदीतील क्रमांकावर साधा आंतरराष्ट्रीय फोन करून त्याच्या तोंडून खात्री केल्याशिवाय पैसे पाठवू नका. तो फोन महाग वाटला तरी करा.

प्रश्न : आम्ही मुलांसाठी नकाशांची कोडी तयार करतो. चीनमधील छापखान्याचा दर परवडतो, पण तो म्हणतो की जगाच्या नकाशात त्यांच्या सरकारला मान्य असलेल्या सीमाच छापाव्या लागतील. माल भारतात आणि आखातात विकायचा आहे. काय करावे? (एक उत्पादक, गोरेगाव)

उत्तर : हे काम त्या छापखान्याला देऊ नका. छापलेला माल चीनमध्ये विकायचा नसून केवळ निर्यातीसाठी असला, तरी त्यातील नकाशांना तेथील नियम लागू होतात. २०१९ मध्ये छिंगताव येथील अधिकाऱ्यांनी इंग्रजीत छापलेले सुमारे ३०,००० नकाशे नष्ट केले. त्यांत तैवान आणि भारत-चीन सीमा चीनच्या भूमिकेप्रमाणे दाखवलेली नाही, असे त्यांचे म्हणणे होते आणि तेही नकाशे परदेशी जाण्यासाठीच छापलेले होते. छापखानेवाला तुम्हाला उगाच घाबरवत नाही.

आता त्याच्या म्हणण्याप्रमाणे अरुणाचल प्रदेश वगळून नकाशा छापला, तर आपल्या १९६१ च्या फौजदारी कायदा सुधारणा कायद्याप्रमाणे भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशांशी न जुळणारा भारताचा नकाशा प्रसिद्ध करणे हा गुन्हा ठरतो आणि त्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. भारताच्या बाह्य सीमा चुकीच्या दाखवणाऱ्या नकाशांच्या आयातीसही मनाई आहे, त्यामुळे असा माल कस्टम्समध्येच अडकेल. म्हणजे जो नकाशा तिथे चालतो तो इथे गुन्हा ठरतो आणि जो इथे आवश्यक आहे तो तिथे छापला जात नाही. यात मधला मार्ग शोधत बसू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मुंबई परिसरातच चांगले छापखाने आहेत. दरातील फरक किमतीत सामावून घ्या, किंवा चीनमध्ये फक्त खोकी आणि नकाशा नसलेले भाग करून घ्या.

अशी बंधने नकाशापुरती राहत नाहीत. मॅरियट या हॉटेल कंपनीने ग्राहकांना पाठवलेल्या प्रश्नावलीत देशांच्या यादीत तिबेट, हाँगकाँग, मकाव आणि तैवान ही नावे स्वतंत्र घातली होती. जानेवारी २०१८ मध्ये केवळ त्या कारणावरून तिचे चीनमधील संकेतस्थळ आणि ॲप आठवडाभर बंद ठेवण्यात आले. त्याच वर्षी चीनच्या नागरी विमान वाहतूक प्रशासनाने तैवानला स्वतंत्र देश म्हणून दाखवू नये, अशी पत्रे परदेशी विमान कंपन्यांना लिहिली आणि जुलैमध्ये एअर इंडियानेही आपल्या संकेतस्थळावर तैवानच्या जागी ‘चायनीज तैपेई’ असा बदल केला. तेव्हा ती सरकारी मालकीची कंपनी होती. एका देशाच्या नियामकाच्या पत्राने दुसऱ्या देशातील ग्राहकाने कोणते नाव वाचावे हे ठरते, तेव्हा ती बाब केवळ व्यापाराची राहत नाही, आणि मला ही गोष्ट गंभीर वाटते. तुमच्यासारख्या छोट्या उत्पादकाला मात्र एक मोकळीक आहे: जिथे माल विकायचाच नाही, तिथल्या मर्जीप्रमाणे स्वतःचा माल बदलण्याची सक्ती तुमच्यावर नाही.

प्रश्न : दुबईतील ग्राहकांना व्हॉट्सॲपवर संदेश जातात, पण कॉल लागत नाहीत. त्यांना व्हीपीएन वापरायला सांगावे का? (एक करसल्लागार, दादर)

उत्तर : सांगू नका. संयुक्त अरब अमिरातीत इंटरनेटवरून बोलण्याची सोय केवळ परवानाप्राप्त सेवांनाच देता येते. तेथील २०१६ च्या कायदादुरुस्तीप्रमाणे गुन्हा करण्यासाठी किंवा तो लपवण्यासाठी व्हीपीएन वापरल्यास ५ लाखांपासून २० लाख दिरहमपर्यंत दंडाची तरतूद झाली. कंपन्यांच्या अंतर्गत कामासाठी व्हीपीएन वैध असले, तरी बंद केलेला कॉल लावण्यासाठी ते वापरणे ही वेगळी गोष्ट आहे आणि त्यातील जोखीम तुमच्या ग्राहकाच्या माथी येते. परवानाप्राप्त ॲप कोणते चालते ते ग्राहकालाच विचारा, नाहीतर नेहमीचा फोन करा.

प्रश्न : अशा बंदीविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेकडे दाद मागता येत नाही का? आणि नुकसानीला विमा असतो का? (एक निर्यातदार, अंधेरी)

उत्तर : तिथे फक्त सरकारे तक्रार करू शकतात, आणि वस्तू व सेवा या दोन्हींच्या करारांत सार्वजनिक नीतिमत्तेच्या रक्षणासाठी अपवाद ठेवलेले आहेत. अमेरिकेने २००७ मध्ये चीनविरुद्ध पुस्तके, चित्रपट आणि संगीत यांच्या आयातीबाबत तक्रार केली. २००९ च्या अखेरीस संघटनेच्या अपील मंडळाचा निर्णय आला व आयातीचा हक्क मोजक्या चिनी संस्थांपुरता ठेवण्याची पद्धत चुकीची ठरली. पण चीनला मजकूर तपासण्याचाच अधिकार नाही, असा अमेरिकेचाही दावा नव्हता. डिसेंबर २०१९ पासून तर पुरेसे सदस्य नसल्यामुळे ते अपील मंडळच ठप्प आहे. शिवाय आपले सरकारही संकेतस्थळे आणि ॲप बंद करण्याचा अधिकार वापरते, म्हणून या प्रश्नावर ते फार पुढे येईल अशी अपेक्षा मी ठेवत नाही. तरीही तुमच्या निर्यात प्रोत्साहन परिषदेकडे लेखी तक्रार जरूर नोंदवा, कारण व्यापारविषयक वाटाघाटींच्या वेळी अडथळ्यांची माहिती तिथूनच मागवली जाते.

विम्यासाठी मुंबईतच मुख्यालय असलेल्या ईसीजीसी या निर्यात पतविमा देणाऱ्या सरकारी कंपनीकडे जा. तिच्या निर्यात पतविम्यात राजकीय जोखमींचा समावेश असतो आणि खरेदीदाराच्या देशाने आयातीवर नवे निर्बंध घातले किंवा वैध आयात परवाना रद्द केला, तर त्याचा विचार होतो. मात्र ॲप बंद पडल्यामुळे चुकलेला संदेश किंवा उघडत नसलेले संकेतस्थळ हे त्या व्याख्येत बसेल, असे गृहीत धरू नका. तुमचा माल पुस्तके, चित्रफिती किंवा छापील साहित्य अशा प्रकारचा असेल, तर खरेदीदाराच्या देशातील मजकूर तपासणीत तो नाकारला गेल्यास दावा मान्य होईल का, हे माल पाठवण्यापूर्वी त्यांना लेखी विचारा. तसेच, मजकुराची मंजुरी मिळवणे ही खरेदीदाराची जबाबदारी राहील आणि ती न मिळाल्यास आगाऊ रक्कम परत केली जाणार नाही, असे कलम करारात आधीच घालून घ्या.