वाचक विचारतात: मध्यरात्रीच्या उन्हात वारांगरचा किनारा

प्रश्न: जुलैच्या मध्याला नॉर्वेच्या वारांगर किनाऱ्याने वाडसो, वार्डो, हामनिंगबर्ग असे गाडीने जाणार आहोत. सूर्य मावळतच नाही, तर फोटो काढायचे कधी? सोबत काय न्यावे?

उत्तर: दुपारी झोप काढा, रात्री फिरा. वार्डो इतके पूर्वेला आहे की उन्हाळी वेळेनुसार रात्री बाराच्या सुमारास सूर्य अगदी खाली, नेमका उत्तरेला येतो. त्या दिवसांत क्षितिजापासून जेमतेम २ अंश वर. साडेनऊ ते अडीच हा तुमचा सोनेरी वेळ.

वाडसोकडे मात्र समुद्र दक्षिणेला, त्यामुळे तेव्हा सूर्य जमिनीच्या बाजूला राहतो. वाडसोजवळच्या एक्करॉयचा पक्ष्यांचा कडाही दक्षिणेकडे तोंड करून आहे, मध्यरात्री तो सावलीत जातो. तो दिवसाच उरकून घ्या. पाण्यावरचा सूर्य हवा असेल तर वार्डो ते हामनिंगबर्ग हा सुमारे ४५ किलोमीटरचा पट्टा गाठा. इंधन आधीच भरा. जाताना ऊन समोरून येते, परतताना पाठीमागून. वाटेतल्या दातेरी खडकांचे थर उठून दिसायला बाजूचा प्रकाश लागतो, म्हणून कॅमेऱ्याचे तोंड पूर्वेला किंवा पश्चिमेला ठेवा.

हामनिंगबर्गचा हा रस्ता एका गाडीपुरताच रुंद आहे. निळ्या पाटीवर ‘एम’ दिसला की ती जागा समोरच्या गाडीला वाट द्यायची, पार्किंगची नव्हे. फोटोग्राफर हटकून तिथेच गाडी लावतात!

ट्रायपॉडचा मधला दांडा वर काढू नका. वाऱ्यात सगळे हलते. खाली अडकवलेली बॅग जमिनीला टेकू द्या, लोंबकळली की तीच झोके घेते. गाडीतून टिपताना खिडकीच्या काचेवर, कॅमेऱ्याखाली, तांदळाची पिशवी ठेवा आणि इंजिन बंद करा, नाहीतर त्याची थरथर फोटोत उतरते.

लाटा धूसर हव्या असतील तर ६ स्टॉपचा एनडी फिल्टर (प्रकाश कमी करणारी काळसर काच; दर स्टॉपला प्रकाश निम्मा) फसवतो. १/६० सेकंदाच्या शटरवेळेचे त्यात जेमतेम १ सेकंद होते. १० स्टॉपने साधारण १७ सेकंद मिळतात.

खरा शत्रू खारे तुषार. वाळलेले मीठ कोरड्या फडक्याने पुसले की काचेच्या लेपावर ओरखडे उठतात. आधी स्वच्छ पाण्याने ओले केलेले फडके अलगद टेकवून मीठ विरघळवा, मग दुसऱ्या कोरड्याने टिपा. लेन्सवर साधा संरक्षक फिल्टर असू द्या, तो निदान नळाखाली धरता येतो.

प्रश्न: हाच प्रवास जानेवारीत जमेल?

उत्तर: वार्डोपर्यंत जमेल. पुढे हामनिंगबर्गचा रस्ता हिवाळ्यात बंद असतो.