पानगळीतला स्मॉलमाउथ : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

सप्टेंबर सरत आला की ग्रेट लेक्सच्या आसपास राहणाऱ्या आणि गरवण्याचा नाद असलेल्या वाचकांकडून एकाच माशाबद्दल विचारणा सुरू होते : स्मॉलमाउथ बास. गोड्या पाण्यातला, एक-दोन किलोचा, पण ओढीला दुप्पट वजनाच्या माशाला भारी. या वेळचे सगळे प्रश्न त्याच्याबद्दलच घेतले आहेत.

प्रश्न : जुलैत सिम्को सरोवरात दहा-बारा फूट पाण्यातल्या दगडांवर रोज चार-पाच स्मॉलमाउथ मिळायचे. ऑक्टोबरच्या मध्याला त्याच जागी दोन दिवस घालवले, एकही लागला नाही. मासे जातात कुठे?
— वाचक, मिसिसागा

उत्तर : खोल जातात आणि एकत्र जमतात. ते कधी घडेल हे पाण्याचे तापमान ठरवते, त्यामुळे तारीख पाहून जागा ठरवू नका.

पाणी १८ अंश सेल्सिअसखाली उतरू लागले की स्मॉलमाउथ हिवाळ्यासाठी खाऊन घेतो. पर्च आणि शायनर या माशांची पिल्ले उथळ पाण्यात असतात, म्हणून तोही पाच ते पंधरा फुटांत येतो, विशेषतः वारा ज्या काठावर आदळतो तिथे. पुढे १२-१० अंशांच्या सुमारास खोल सरोवरात पाण्याची पालट होते. उन्हाळाभर वर कोमट आणि तळाला गार असे दोन थर असतात. वरचा थर गार होत जड होतो, दोन्हींचे तापमान जुळते आणि एखाद्या जोराच्या वाऱ्यात सगळे पाणी ढवळून निघते. तळचे कमी प्राणवायूचे पाणी वर येते, कुजका पाला तरंगतो, मासे विखुरतात. तुमचे दोन दिवस बहुधा या पालटीत गेले. अशा वेळी आठवडाभर थांबा, नाहीतर कमी खोलीच्या दुसऱ्या सरोवरावर जा. तिथली पालट आधीच उरकलेली असते.

पालट संपून पाणी १० अंशांखाली गेले की आमच्या मते वर्षातला सगळ्यात चांगला हंगाम सुरू होतो. मोठ्या माशांची आशा याच दिवसांत धरावी. नोव्हेंबर २०२२ मध्ये ईरी सरोवरात १० पौंडांहून जड स्मॉलमाउथ मिळाला, तो याच काळातला. मासे आता २० ते ४० फुटांवर, म्हणजे तीन ते सात वाव पाण्यात, हिवाळी जागांकडे सरकलेले असतात. तुमचा जुलैतला दगडी उंचवटा सोडू नका, फक्त त्याची सर्वांत खोल पाण्याकडची बाजू धरा. पसरट उतार टाळा. थोड्याच अंतरात तळ १५ फुटांवरून ३० वर जातो असा कडा हवा. त्या कड्याच्या पायथ्याशी दगड संपून वाळू किंवा चिखल सुरू होतो, ती रेघ धरून नाव हळू न्या. फिश फाइंडरवर (तळ आणि मासे दाखवणाऱ्या यंत्रावर) तळाच्या रेषेखाली दुसरी फिकट रेषा दिसली तर तळ टणक आहे. ती जिथे नाहीशी होते तिथे मऊ तळ सुरू झाला. तळाला चिकटलेले मासे या यंत्रावर सहज दिसत नाहीत, म्हणून पडदा रिकामा असला तरी दोन-चार वेळा गळ टाकून पाहाच. आणि एक मासा लागला की तिथून हलू नका. या दिवसांत शंभर मीटर काहीच नसते आणि मग घरातल्या एका खोलीएवढ्या जागेत वीस मासे असतात.

पहाटे उठण्याची गरज नाही. गार पाण्यात अकरा ते तीनची वेळ चांगली. पाणी चार-पाच अंशांखाली गेले की मासा जवळजवळ हालचालच सोडतो.

प्रश्न : आम्ही सेंट क्लेअर सरोवरावर जातो. तिथे ४० फूट खोली नाहीच. शिवाय ट्यूब (नळीसारखे मऊ आमिष) सारखी दगडात अडकते, दिवसाला दहा-बारा जातात.
— वाचक, ट्रॉय, मिशिगन

उत्तर : सेंट क्लेअरची सरासरी खोली जेमतेम ११ फूट आणि नैसर्गिक खोली जास्तीत जास्त २१. वारा ते पाणी उन्हाळ्यातही ढवळतच असतो, त्यामुळे वर सांगितलेल्या पालटीची काळजी तुम्हाला नाही. तुम्ही १४ ते १८ फूट पाण्यात अजून हिरवे राहिलेले शेवाळगवत शोधा. पिवळे पडून कुजणारे गवत प्राणवायू खाते, तिथून मासा निघून जातो.

आता ट्यूब. ती तिथे का चालते हे समजले की अडकण्याचे कारणही कळेल. काळ्या समुद्राच्या परिसरातला गोल गोबी जहाजांच्या भारपाण्यातून (समतोलासाठी टाक्यांत भरलेल्या पाण्यातून) इकडे आला आणि १९९० साली सेंट क्लेअर नदीत सापडला. आपल्या खाडीतल्या निवट्यांच्या गोतावळ्यातला हा मासा. त्याला वाताशय, म्हणजे पोटातली हवेची पिशवी, नसते. त्यामुळे तो तरंगत नाही, तळावर टुणटुण उडतो आणि पुन्हा तळावरच बसतो. स्मॉलमाउथ आता त्याच्यावरच पोसला जातो. म्हणून साडेतीन इंची, हिरवट-तपकिरी ट्यूब तळाला टेकलेली हवी, पण टेकणे वेगळे आणि फरफटणे वेगळे.

ट्यूब अडकते ती बहुतेक वेळा दोन कारणांनी. एक, वजन जास्त : १५ फुटांपर्यंत १/४ औंस, त्याखाली ३/८ पुरे, अर्धा औंस फक्त ३० फुटांच्या आसपास किंवा जोराच्या वाऱ्यात. दोन, नाव वाऱ्याबरोबर फार वेगाने वाहते. ताशी अर्धा ते पाऊण मैल वेग ठेवा. त्याहून जास्त झाला तर नावेला रोखणारा कापडी ड्रिफ्ट सॉक पाण्यात सोडा. वेग जास्त असला की ट्यूब तळ सोडते, तुम्ही आणखी दोर सोडता, दोर आडवा होतो आणि जिग, म्हणजे ट्यूबमधला वजनदार गळ, फटीत कडेने घुसते. दोर जितका उभा तितके अडकणे कमी. अडकलीच तर आहात तिथून ओढू नका, ती आणखी रुतते. नाव उलट बाजूला नेऊन दोर ढिला करा आणि काठीचे टोक हलकेच थरथरवा. बहुतेक वेळा सुटते.

तरीही जात असतील तर ड्रॉपशॉट वापरा, म्हणजे वजन दोराच्या टोकाला आणि गळ त्याच्या वर. पॅलोमार गाठीने १ किंवा २ नंबरचा गळ बांधा, सुटे टोक १८ इंच ठेवा, ते गळाच्या नाकातून वरून खाली पुन्हा ओवा म्हणजे गळ आडवा, टोक वर असा उभा राहतो. खाली ३/८ औंसाचे वजन लावा. गळ आणि वजन यांत एरवी १२-१५ इंच अंतर असते, पण गोबीच्या पाण्यात ६-८ इंचच ठेवा. अडकले तर नुसते वजन जाते.

गळाला गोबीच लागला तर तो मारा, पाण्यात परत सोडू नका. ऑन्टॅरियोत तो जिवंत किंवा मेलेला, कसाही आमिष म्हणून वापरणे बेकायदा आहे.

प्रश्न : ब्लेड बेटवर मासा लागतो, पण अर्ध्या वाटेत सुटतो. दोनदा तर आमिषच तुटून गेले.
— वाचक, क्लीव्हलंड

उत्तर : तुटण्याचे कारण सोपे आहे. ब्लेड म्हणजे धातूची पट्टी. तिच्या भोकाची कडा धारदार असते आणि थेट बांधलेला दोर कापते. मध्ये लहान स्नॅप, म्हणजे उघडता येणारी तारेची कडी, लावा.

मासा सुटतो त्याचे मूळ बहुतेकदा हाताळणीत असते. अर्धा औंसाचे ब्लेड तळाला बसू द्या, काठी सहा ते बारा इंच उचला, पट्टीची थरथर हाताला जाणवली की थांबा आणि ते खाली जाऊ द्या. जाताना दोर पूर्ण ढिला नको, ताठही नको. गार पाण्यातला मासा ते खाली जातानाच घेतो. पुढच्या उचलीला काठी नुसती जड लागते, झटका बसत नाही. अशा वेळी सवयीने जोराचा हिसका दिला तर ताण न खाणाऱ्या विणलेल्या दोराने तोंड फाटते आणि भोक मोठे होते. काठी एका लयीत वर न्या, बस्स. १० पौंडी विणलेल्या दोराला आठ-दहा फुटांचा ८ पौंडी फ्लुरोकार्बनचा दोर जोडा आणि सात फुटी, टोकाला मऊ काठी घ्या. मासा उडी मारू लागला की काठीचे टोक पाण्याकडे झुकवा. हवेत डोके झटकताना हेच जड ब्लेड तरफेसारखे काम करून गळ उचकटते. कारखान्यातून आलेले तिकाटे गळ बोथट असतात, ते पहिल्याच दिवशी बदला.

प्रश्न : ४० फुटांतून काढलेला मासा सोडला तर उलटा तरंगत राहिला. आमची काय चूक झाली?
— वाचिका, बर्लिंग्टन, व्हर्माँट

उत्तर : चूक खोलीची. ३३ फुटांवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो, म्हणजे तिथून वर येताना वाताशयातली हवा फुगून दुप्पट होते. रोहू-कटल्यासारख्या माशांत वाताशयापासून घशाकडे नळी असते, ते हवा बाहेर टाकू शकतात. स्मॉलमाउथला ती नळी नसते. हवा रक्तावाटेच कमी होते आणि त्याला तास लागतात. तेवढा वेळ तो वर अडकतो, गुदद्वाराशी आतडे बाहेर येते, डोळे फुगतात.

लक्षणे दिसत नसतील तर फोटो न काढता काही सेकंदांत डोके खाली करून जोराने पाण्यात सोडा. बोटीतल्या टाकीत ठेवू नका, फुगणे वाढत जाते. तरंगू लागला तर वजनाला जोडलेल्या चिमट्याने तो २५-३० फूट खाली उतरवून सोडावा. सुई टोचून हवा काढण्याची रीत शिकलेल्या माणसाखेरीज कोणी करू नये. जागा चुकली तर यकृत किंवा मूत्रपिंड फाटते.

पण आमचे स्पष्ट म्हणणे असे, की ३० फुटांखाली मासे दिसले तर तिथे गळ टाकूच नका. उत्तरेकडे १८ इंची स्मॉलमाउथ दहा वर्षांचा असू शकतो, आणि या दिवसांत सरोवराच्या मोठ्या भागातले मासे एका कड्याशी गोळा झालेले असतात. एकच नाव दोन दुपारींत तिथे किती नुकसान करू शकते, याचा विचार करा.

प्रश्न : हा मासा खाता येतो का?
— वाचक, मिनिॲपोलिस

उत्तर : येतो, पण तुमच्याकडे या दिवसांत नाही. मिनेसोटात सप्टेंबरच्या मध्यानंतर स्मॉलमाउथ पकडून सोडावाच लागतो. इतर राज्यांत नियमात बसेल तो लहानातला लहान ठेवा. मोठ्या, जुन्या माशात पारा साठतो, आणि तो मांसात असल्याने कातडी-चरबी काढून कमी होत नाही. कोणत्या सरोवरातला किती खावा याचे सरकारी तक्ते आहेत, ते पाहूनच ठरवा. मांस पांढरे, घट्ट. कातडी आणि बाजूची तांबूस पट्टी काढली की चिखलाचा वास जातो. रव्यात तळा. कालवणात मात्र तो समुद्राच्या माशाची चव देणार नाही.

प्रश्न : पुण्याहून आईबाबा आले आहेत. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्यांना बोटीतून नेऊ का?
— वाचक, किंग्स्टन, ऑन्टॅरियो

उत्तर : लहान उघड्या नावेतून नेऊ नका. गार पाण्यात पडल्यावर पहिल्या मिनिटात श्वास आवरत नाही, सुमारे दहा मिनिटांत हातपाय कामातून जातात, आणि साधारण तासाभरात शुद्ध हरपू शकते. पोहता येणाऱ्यालाही हे चुकत नाही. लाइफ जॅकेट आसनाखाली ठेवून उपयोग नाही, निघताना अंगावर चढवायचे आणि काठाला लागेपर्यंत काढायचे नाही. आईबाबांना घेऊन खोल पाण्यालगतच्या धक्क्यावर बसा, ड्रॉपशॉट तिथूनही चालतो. त्यांना गरवायचे असेल तर परवान्याचा नियम आधी पाहा. दोर ओवायच्या काठीवरच्या कड्यांत बर्फ धरला तर नखाने खरवडू नका, कड्या निखळतात. काठीचे टोक क्षणभर पाण्यात बुडवा, बर्फ सुटतो.