जर्मनीत इन्फर्मेशन सिस्टिम्सचं प्राध्यापक व्हायचं असेल तर

तुम्ही विचारलंत: पुण्यात सात वर्षं एसएपीचं (कंपन्यांचे व्यवहार सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचं) काम झालंय, एमटेक आहे, वय बत्तीस आहे, बायको आणि लहान मुलगी आहे, आता जर्मनीत पीएचडी करून बिझनेस इन्फर्मेशन सिस्टिम्सचा प्राध्यापक होता येईल का? येईल. पण विद्यापीठात की फाखहोखशूलमध्ये, म्हणजे व्यावहारिक शिक्षणावर भर देणाऱ्या उच्चशिक्षण संस्थेत, याचा विचार निघायच्या आधीच करा.

कंपन्यांची कामं संगणकप्रणालीने कशी चालवायची, याच्या या विषयाला इथे जर्मनीत विर्टशाफ्ट्सइन्फोर्माटीक म्हणतात. अमेरिकेत सर्व्हे आणि आकडेवारीवर भर, तर इथे काहीतरी बांधून दाखवायची जुनी परंपरा. सारब्रुकेनचे प्रा. ऑगस्ट-विल्हेल्म शेअर यांनी प्राध्यापकी सांभाळून 1984 मध्ये कंपनी काढली, आणि प्रोसेस मॉडेलिंगचं, म्हणजे कंपनीतली कामं टप्प्याटप्प्याने आकृतीत मांडायचं, एआरआयएस हे साधन तिथूनच आलं. 2010 मध्ये तर जर्मन भाषक प्राध्यापकांनी अशा संशोधनाच्या बाजूने जाहीरनामाच काढला. त्यामुळे तुमच्या अनुभवाला इथे खरोखर किंमत आहे.

पीएचडी ही इथे बहुतेकदा नोकरी असते. पगार सरकारी श्रेणीने, राज्य कर्मचाऱ्यांच्या वेतनकरारातल्या टीव्ही-एल 13 प्रमाणे. पण जाहिरातीत पूर्णवेळ पदाच्या 50 टक्के लिहिलंय, 75 की 100, ते नीट वाचा, पगार त्याच प्रमाणात मिळतो. कुटुंब घेऊन येणाऱ्याला हा फरक फार जाणवतो. शिवाय प्राध्यापकांचे ट्युटोरियल, पेपर तपासणं, प्रकल्पांचे अर्ज हे सगळं तुमच्याच अंगावर येतं. प्रबंध सहसा तीन-चार शोधनिबंध एकत्र बांधून होतो.

आता खरी अडचण. 2007 च्या कायद्यानुसार विद्यापीठात मुदतीच्या करारावर पीएचडीआधी सहा आणि नंतर सहा वर्षं मिळतात. लहान मूल असेल तर दोन वर्षं वाढू शकतात. त्यात कायम पद मिळालं नाही, तर विद्यापीठातला रस्ता जवळपास बंद. याच मुद्द्यावर 2021 मध्ये तरुण संशोधक 'इश बिन हाना' (मी हाना आहे) म्हणत उघडपणे बोलायला लागले. ज्युनिअर प्रोफेसर (मुदतीचं प्राध्यापकपद) होऊन किंवा हाबिलिटेशन (पीएचडीनंतरची प्राध्यापकीची पात्रता) करून तुम्ही पात्र ठरलात, तरी आपलंच विद्यापीठ सहसा आपल्याला घेत नाही. घर उचलून दुसऱ्या गावी जायची तयारी लागते, आणि मुलीची शाळा तेव्हा मध्येच असेल.

म्हणून मी तुम्हाला मनापासून फाखहोखशूलच सुचवेन. तिथे डॉक्टरेटबरोबर किमान पाच वर्षांचा व्यावसायिक अनुभव लागतो, त्यातली तीन वर्षं विद्यापीठाबाहेरची. ती तुमच्याकडे आजच आहेत! विद्यापीठात आठवड्याला आठ-नऊ तास शिकवायचं, तर फाखहोखशूलमध्ये 18 तास, प्रत्येक 45 मिनिटांचा. संशोधनाला वेळ कमी उरतो, हे खरं.

मी अशाच ठिकाणी शिकवते. लॅबमध्ये मुलं सॉफ्टवेअरमध्ये खरेदी-ऑर्डर टाकतात, माल आल्याची नोंद करतात, मग बिल जुळत नाही म्हणून अडकतात. परवा जवळच्या मशीनच्या कारखान्यात अर्धवेळ काम करणाऱ्या एका मुलीने बाकीच्यांना समजावलं की तिच्याकडे माल दोन हप्त्यांत येतो आणि बिल एकदाच. तिचं बोलणं बव्हेरियन वळणाचं, भराभर. तिथे इंग्रजीवर भागत नाही. माझ्या निवडीच्या वेळीही नमुना तास जर्मनमधूनच घ्यावा लागला, आणि समितीत बसलेल्या विद्यार्थ्यांनीच सगळ्यात बारीक प्रश्न विचारले. म्हणून बी-2 पर्यंतचं (चांगलं बोलता-लिहिता येण्याच्या पातळीचं) जर्मन पुण्यातच उरका. पीएचडी सुरू झाली की वेळ मिळत नाही. बायकोनेही बरोबरीने शिकावं, तिच्या नोकरीचा प्रश्न तुमच्याइतकाच मोठा आहे.

प्राध्यापकांना मेल करताना त्यांचे एक-दोन निबंध वाचून, तुमच्या एखाद्या प्रकल्पातला नेमका प्रश्न त्यांना मांडा. सरसकट पाठवलेल्या मेलला उत्तर येत नाही.

आणि कंपनी सोडण्याआधी लेटरहेडवर, सहीशिक्क्यानिशी पत्र घ्या: रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, पूर्णवेळ असल्याचा उल्लेख, प्रत्यक्ष काम काय केलं त्याचं वर्णन. नुसतं रिलीव्हिंग लेटर चालत नाही. पाच वर्षांचा पुरावा समिती कागदावर मागते, आणि तोवर तुमचे तिथले मॅनेजर कुठे असतील, सांगता येत नाही.