सिडकोत कानबाई कुठून आली?

प्रश्न : श्रावणात नाशिकच्या सिडको भागात कानबाई देवीची मिरवणूक पाहिली. हा सण मूळचा नाशिकचा का? – एक वाचक, गंगापूर रोड

उत्तर : नाही हो, आमचा खानदेशी. सातपूर-अंबडला कारखाने आले तशी धुळे-जळगावकडची पोरं कामाला आली. मीही त्यातलाच, लेथ मशीनवर. सिडको या सरकारी महामंडळानं इथं सहा योजनांत घरं बांधली. खोल्या एवढ्याशा, पण हप्त्यावर का होईना, स्वतःच्या! नागपंचमीनंतरच्या रविवारी नारळाची कानबाई बसते, रात्रभर अहिराणी गाणी, सोमवारी विसर्जन. रोट, म्हणजे कानबाईचा नैवेद्य, मात्र भाऊबंदांतच खायचे. शेजारी कितीही जिवाभावाचा असला तरी नाही. सोमवारी फर्स्ट शिफ्ट असली की सुट्टीसाठी पोट दुखायचंच. सुपरवायझर काही बोलत नसे, तोही अमळनेरचाच.