एपीआयच्या टेस्टमध्ये नेमके काय तपासावे?

तुमची अडचण मला अशी समजली. सुरुवातीला तुम्ही प्रत्येक एपीआयचा (म्हणजे एका प्रणालीने दुसरीकडे माहिती मागण्याच्या ठरलेल्या मार्गाचा) संपूर्ण प्रतिसाद फाइलमध्ये साठवून नव्या प्रतिसादाशी जसाच्या तसा ताडून पाहत होता. आयडी आणि वेळ दर वेळी बदलत असल्यामुळे त्या टेस्ट रोज फेल होऊ लागल्या, म्हणून आता फक्त स्टेटस कोड २००, म्हणजे ‘विनंती यशस्वी झाली’ असा सर्व्हरचा संकेत, आला की नाही एवढेच तपासता, आणि चुका मात्र वापरणाऱ्यांपर्यंत पोहोचतच आहेत.

मी इंदूरला बरीच वर्षे बॅकएंडचे काम करते आणि इथल्या एका मराठी मंडळाची सभासद-यादी व वर्गणी सांभाळणारी छोटी प्रणालीही पाहते. खालची उदाहरणे त्या प्रणालीतलीच घेतली आहेत, कारण ती लहान असल्याने सगळे समोर मांडून दाखवता येते.

तुमच्या दोन्ही पद्धतींत उणीव एकच आहे: हा प्रतिसाद कोण वाचणार आणि त्यातल्या कशावर विसंबून राहणार, हा प्रश्न दोन्हींत विचारलेला नाही. आमच्याकडे वर्गणीची पावती मोबाइलवर दिसते. तिथे सभासदाचे नाव, रक्कम, तारीख आणि पावती क्रमांक या चार गोष्टी लागतात. म्हणून पावतीच्या टेस्टमध्ये या चारच गोष्टींवर काटेकोर अपेक्षा लिहिलेल्या आहेत. उद्या प्रतिसादात एखादे फील्ड, म्हणजे माहितीचा रकाना, वाढले तर त्या टेस्टला त्याचे काही वाटू नये. बदलत्या आयडीचा प्रश्नही असाच सुटतो. पावती क्रमांक कोणता येईल हे आधी सांगता येत नाही, पण त्याच क्रमांकाने पुन्हा मागणी केली तर तेच नाव आणि तीच रक्कम परत आली पाहिजे, हे निश्चित सांगता येते. तेच तपासावे.

आता सर्वांत महत्त्वाचे. थकबाकीदारांच्या यादीसाठी मी एक टेस्ट लिहिली होती: यादीतल्या प्रत्येक सभासदाची बाकी शून्यापेक्षा जास्त असली पाहिजे. पुढे एका बदलात फिल्टरचे नाव चुकले आणि यादी रिकामी येऊ लागली. स्टेटस कोड २००, आणि टेस्ट पास, कारण रिकाम्या यादीवरचे लूप एकदाही फिरत नाही आणि आतली एकही अपेक्षा तपासली जात नाही. पायथॉनमध्ये ‘ऑल’ या फंक्शनला रिकामी यादी दिली तर उत्तर ‘ट्रू’ येते. ही भाषेतली चूक नव्हे, तर्काने तसेच यायला हवे. चूक माझ्या टेस्टची होती. आता तीच टेस्ट आधी तीन सभासद स्वतः डेटाबेसमध्ये घालते, त्यांपैकी दोघांची वर्गणी बाकी ठेवते, आणि यादीत नेमके तेच दोघे आले पाहिजेत असे म्हणते. त्यामुळे यादी रिकामी आली तरी कळते आणि वर्गणी भरलेला तिसरा चुकून आत आला तरी कळते.

तेव्हापासून मी एक नियम पाळते आणि तुम्हीही तो पाळावा, अशी माझी मनापासून विनंती आहे. टेस्ट लिहून पास झाली की मूळ कोडमध्ये मुद्दाम एक बिघाड करावा, म्हणजे फिल्टर काढावा, रक्कम शून्य करावी, एखादे फील्ड गाळावे, आणि टेस्ट फेल होते का ते पाहावे. फेल झाली नाही तर ती टेस्ट अजून लिहून झालेली नाही, असे समजावे.

जेसन स्कीमा, म्हणजे प्रतिसादात कोणती फील्डे कोणत्या प्रकारची असावीत याचा लिखित आराखडा, वापरणार असाल तर हा प्रयोग तिथेही करा. ‘प्रॉपर्टीज’मध्ये फील्डांची नावे व प्रकार लिहिले की ती फील्डे असलीच पाहिजेत, असा अनेकांचा समज असतो. तसे नाही. ‘रिक्वायर्ड’मध्ये नावे वेगळी दिली नाहीत तर पूर्ण रिकामे ऑब्जेक्टही त्या स्कीमात बसते. ‘फॉरमॅट’मध्ये तारीख असे लिहिले तरी पायथॉनच्या जेसनस्कीमा लायब्ररीत फॉरमॅट-चेकर वेगळा दिल्याशिवाय ती तारीख तपासली जात नाही. स्कीमा आकार तपासतो, अर्थ तपासत नाही. पाचशे रुपयांच्या जागी पाच रुपये आले तर त्याला काहीच वावगे दिसणार नाही.

टेस्टसाठी घालायचा डेटाही विचारपूर्वक निवडावा. ‘जोशी’ आणि ‘कुलकर्णी’ या नावांवर आमचा शोध उत्तम चालत होता. ‘बऱ्हाणपूरकर’ मात्र सापडेना. काही नोंदींत ‘ऱ’ हे अक्षर युनिकोडच्या ०९३१ या एकाच संकेताने साठवले होते, तर काहींत ०९३० चा ‘र’ आणि त्यापुढे वेगळा नुक्ता (अक्षराखालचा बिंदू) अशा दोन संकेतांनी. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसते, तुलना मात्र जुळत नाही. साठवताना आणि शोधताना दोन्हीकडे एनएफसी या युनिकोडच्या प्रमाणित रूपात बदल केल्यावर प्रश्न मिटला, आणि टेस्टमध्ये आता हे आडनाव दोन्ही प्रकारे घातलेले आहे.

तारखेचेही तसेच. सर्व्हर यूटीसी वेळेवर (भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेवर) असेल तर आपल्याकडे मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत त्याची तारीख आदल्या दिवसाची असते. १ एप्रिलला रात्री साडेबाराला भरलेल्या वर्गणीवर अशा वेळी ३१ मार्च छापले जाते, म्हणजे पावती थेट मागच्या आर्थिक वर्षात जाते. दिवसा चालवलेल्या टेस्टमध्ये हे कधीच दिसणार नाही. टेस्टमध्ये घड्याळ ३१ मार्च, १९:०० यूटीसी या क्षणावर गोठवावे आणि पावतीवर १ एप्रिल आला पाहिजे असे लिहावे. रकमेबाबत एवढेच सांगते की ती रुपयांत अपूर्णांक म्हणून नव्हे, तर पैशांत, पूर्णांक म्हणून ठेवावी.

नकाराचे प्रतिसादही तितक्याच आस्थेने तपासावेत. ऋण रक्कम पाठवली तर ४२२ (चुकीची माहिती नाकारल्याचा स्टेटस कोड) आला, एवढ्यावर थांबू नये. त्यानंतर डेटाबेसमध्ये नवी पावती तयार झालेली नाही, हेही पाहावे. एका सभासदाच्या टोकनने (लॉगिननंतर मिळणाऱ्या ओळख-संकेताने) दुसऱ्याची पावती मागून पाहावी. लॉगिन केलेल्याला सगळेच दिसते, ही चूक मी अनेक प्रणालींत पाहिली आहे, आणि स्वतःचीच पावती मागणाऱ्या टेस्टला ती कधीच सापडत नाही. पेमेंट गेटवेसारखी बाहेरची सेवा असेल तर रोजच्या टेस्टमध्ये तिच्या जागी ठरावीक उत्तरे देणारी नक्कल ठेवावी आणि खऱ्या सेवेची तपासणी वेगळी, कमी वेळा चालवावी.

तुमच्या आत्ताच्या टेस्ट काढून टाकू नका. गेल्या काही महिन्यांत वापरणाऱ्यांपर्यंत पोहोचलेल्या चुका एकेक करून घ्या, ती चूक जुन्या कोडवर पकडून फेल होणारी टेस्ट आधी लिहा, आणि मग दुरुस्त कोडवर ती पास होते ते पाहा. एखाद्या चुकीसाठी अशी टेस्ट कशी लिहावी हे सुचत नसेल, तर तो प्रतिसाद खासगी माहिती काढून इथे टाका. आपण त्यावर मिळून काम करू.