वस्तू साठवत राहण्याची सक्ती खरंच सुटते का?

तुम्ही विचारलंय की वस्तू साठवण्याचा सोस सुटत नाही, घरात चालायला जागा उरलेली नाही, कुणी येतो म्हणालं की काहीतरी कारण सांगून टाळावं लागतं. यातून कुणी बरं झालंय का? हो, होता येतं. माझ्या बाबतीत सुरुवात वस्तू टाकण्यापासून झाली नाही, कुणाला तरी घरात घेण्यापासून झाली.

आधी एक गोष्ट मनातून काढा. हा आळस नाही आणि घाणेरडेपणाही नाही. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेच्या निदानपुस्तिकेत २०१३ पासून याची स्वतंत्र विकार म्हणून नोंद आहे. त्याआधी तो बहुतेक वेळा ओसीडीतच, म्हणजे नको असलेले विचार आणि त्याच त्याच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणाऱ्या विकारातच, धरला जाई. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या यादीतही तो आहे. लक्षणं अनेकदा ११ ते १५ या वयात डोकावतात आणि त्रास हाताबाहेर जाईपर्यंत तिशी उलटून जाते. म्हणजे पसाऱ्याइतकीच त्याला लपवण्याची सवयही जुनी असते. नाणी जमवणारा माणूस पाहुण्याला हौसेनं संग्रह दाखवतो. आपण दार लोटून घेतो.

माझ्याकडे कापडाचे तुकडे, रिकामे डबे, मासिकं, न उघडलेली पार्सलं, आणि कागद, कागद, कागद. एकदा मी घरी नसताना घरच्यांनी खोली रिकामी केली. हेतू चांगलाच होता, पण त्यानंतर खोली पूर्वीपेक्षा लवकर भरली आणि मी कुलूप लावायला लागले. दुसऱ्यानं परस्पर आवरलं की असंच होतं, हे मला पुढे उपचारांमध्येही ऐकायला मिळालं.

मग एका जुन्या मैत्रिणीला मी सगळं सांगून टाकलं. ती म्हणाली, "येऊ का?" मी दोन अटी घातल्या: कशाला हात लावायचा नाही आणि "टाकून दे" म्हणायचं नाही. ती आली, जेमतेम जागा करून बसली. एका फुगलेल्या पिशवीकडे बघून तिनं विचारलं, "यात काय आहे गं?" त्यात बाबांच्या आजारपणातले कागद होते. प्रत्येक चिठ्ठी, प्रत्येक रिपोर्ट. ते गेल्यावर मी एकही कागद फेकू शकले नव्हते, कारण ती रात्रंदिवसाची धावपळ माझ्याशिवाय कुणी पाहिली नव्हती आणि ती खरंच घडली याचा पुरावा तेवढाच होता. हे मी पहिल्यांदाच मोठ्यानं बोलले. खूप रडले. ती बसून राहिली, समजूत घालायच्या फंदात पडली नाही.

त्या दिवशी घरातून एक कपटाही बाहेर गेला नाही. पण आता ती धावपळ आणखी कुणाला तरी ठाऊक होती. काही महिन्यांनी ती पिशवी मीच रिकामी केली, बाबांच्या अक्षरातली एक चिठ्ठी तेवढी ठेवली.

एकट्यानं बसून निवड करणं आपल्याला इतकं जड का जातं, याचा थोडा उलगडा २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मेंदू-अभ्यासातून होतो. कागद ठेवायचे की टाकायचे हे ठरवताना, ते स्वतःचे असतील तर हा विकार असलेल्यांच्या मेंदूत निर्णयाशी आणि भावनांशी जोडलेले भाग अतोनात सक्रिय झाले. परक्याच्या कागदांबाबत तेच भाग उलट मंद होते. ढिगासमोर आपण गोठतो ते इच्छाशक्ती कमी म्हणून नव्हे. मला मोठ्यानं बोलल्यानं फरक पडतो: "हे का ठेवलंय, टाकलं तर नेमकं काय होईल असं वाटतं?" समोरचा फक्त ऐकतो, निर्णय माझाच असतो. या विकारासाठीच्या वर्तनोपचारातही घरी बसून असाच सराव करून घेतात आणि नव्या वस्तू न घेण्याचाही सराव असतो. तो मला टाकण्यापेक्षा कठीण गेला.

माणूस मात्र जपून निवडा. जो लगेच पिशव्या घेऊन येईल, तो नको. घरातलं माणूस असलंच पाहिजे असंही नाही. पसाऱ्यानं त्यांनाही सोसायला लावलेलं असतं, त्यांचा राग खरा असतो. कुणीच नसेल तर मानसोपचारतज्ज्ञापासून सुरुवात करा. तिथेही "थोडं अस्ताव्यस्त आहे" असं म्हणू नका, खोलीचे फोटो न्या. पसारा किती आहे हे ठरवण्यासाठी खोल्यांच्या १ ते ९ अशा चढत्या चित्रांची मोजपट्टी वापरतात. त्यावर बोट ठेवून "माझी ही" म्हणणं तोंडानं सांगण्यापेक्षा सोपं जातं.

आणि आजच करायचं एकच काम: शेगडीजवळचे आणि बाहेर पडायच्या वाटेतले ढीग तेवढे दुसरीकडे सरकवा. टाकू नका, नुसते सरकवा. बाकीचं तुमच्या गतीनं होऊ द्या.