बडोद्यातल्या आमच्या ट्रस्टच्या १९६०च्या दशकातल्या उघड्या काँक्रीटच्या इमारतीचं बीआयएम मॉडेल (प्रत्येक घटकाची माहिती जोडलेलं त्रिमितीय संगणकीय मॉडेल) करून घेतलं, तर देखभालीला खरंच उपयोग होतो का?

होतो. पण कोणत्या छज्ज्याची दुरुस्ती कधी, कशाने झाली हे त्यात सापडलं तरच. तुमची इमारत शंभर वर्षांची नसल्यामुळे १९५८च्या पुरातत्त्व कायद्याचं संरक्षण तिला मिळत नाही. वास्तुविशारद बाळकृष्ण दोशींच्या बडोद्यातल्या फर्टिलायझरनगर वसाहतीचंही तेच. अशा वास्तू टिकतात त्या मालकाने ठेवलेल्या नोंदींवर.

स्कॅनिंगवाल्याला बोलावण्याआधी प्रत्येक कॉलम, बीम, छज्जा, खिडकीला तुमचा स्वतःचा क्रमांक द्या. सॉफ्टवेअरच्या क्रमांकावर विसंबू नका. कुणी भिंत पुसून नव्याने काढली की तो बदलतो आणि आधीच्या तपासण्या कशाच्या होत्या तेच कळत नाही.

लेझर स्कॅनवरून आकार १० मिमीपर्यंत अचूक आले तरी पुरे. ०.३ मिमीची चीर त्यात दिसणार नाही, ती चीरमापक पट्टीनेच मोजायची. शटरिंगच्या फळ्यांचे ठसे हे या इमारतीचं खरं रूप. तरीही ते मॉडेलमध्ये काढायला लावू नका, फाइल उघडेनाशी होईल. त्याऐवजी प्रत्येक दर्शनी बाजूचे ऑर्थोफोटो (तिरकेपणा काढून मापात बसवलेले फोटो), १ मिमीला साधारण एक पिक्सेल, त्या त्या घटकाला जोडा. पुढे दुरुस्तीच्या पॅचचा रंग आणि पोत जुळवायला तेच हाताशी लागतात.

सळया स्कॅनला दिसत नाहीत. म्हणून प्रत्येक माहितीपुढे एक रकाना हवाच: ‘मोजलेलं’, ‘जुन्या नकाशावरून’ की ‘अंदाज’. हा रकाना नसला की पाच वर्षांनी अंदाजच मोजमाप म्हणून वापरला जातो.

आता मुख्य काम. कव्हरमीटरने सळईवरचं कव्हर, म्हणजे तिच्यावरच्या काँक्रीटच्या थराची जाडी, मोजा. शेजारीच काँक्रीट थोडं फोडून ताज्या पृष्ठावर फिनॉल्फ्थॅलिन मारा: गुलाबी झालं तो भाग अजून अल्कधर्मी, रंग आला नाही तो कार्बोनेशन झालेला, म्हणजे हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने अल्कधर्मीपणा गेलेला. हे सळईपर्यंत पोचलं की ती गंजू लागते. कव्हर २० मिमी आणि कार्बोनेशन १७ मिमी, म्हणजे सळईपर्यंत ३ मिमीच उरले. ही वजाबाकी मॉडेलमध्ये घटकवार भरून लहान आकड्यापासून क्रम लावा; दुरुस्तीची यादी तयार. माझ्या मते मॉडेलचा सगळा खर्च इथेच वसूल होतो.

पॅच मारल्यावर त्याची नेमकी कड मॉडेलमध्ये आखा. नव्या पॅचच्या कडेलगत जुन्या काँक्रीटमधली सळई पुष्कळदा जास्त वेगाने गंजते. पुढची तपासणी तिथूनच सुरू करा: एकदा मे महिन्यात, एकदा पावसाळा संपल्यावर.

काम ताब्यात घेताना मूळ फाइलसोबत आयएफसी (कुठल्याही बीआयएम सॉफ्टवेअरला वाचता येणारी खुली फाइल) आणि साधी एक्सेल यादीही मागा. रेव्हिट या बीआयएम सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीतली फाइल जुन्या आवृत्तीत उघडत नाही.